गच्चीवरची टोमॅटो-भेंडी वादळी पावसानं झोपली, आधी काय करू?

गच्चीकर: काल तासभर धो धो पाऊस आणि तुफान वारा. 20 लिटरच्या ग्रो बॅगांत फळं धरलेले टोमॅटो, दोन फुटी भेंडी, जाळीवर काकडी. टोमॅटोची दोन खोडं वाकून चिरलीत, भेंडी आडवी. आज कडक ऊन आणि पानांनी माना टाकल्यात. पाणी देऊ का? खत?

मातीमोल: दोन्ही नको. माती ओली असून पानं मलूल म्हणजे मुळं गुदमरलीत. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी असूनही ती ओढू शकत नाहीत. वर आणखी ओतलंत तर कुजतील.

आधी बॅगांखालच्या ताटल्या काढा. मग एका कडेखाली वीट सरकवून बॅग तिरकी करा, तळाशी साठलेलं पाणी निघेल. भोकं पेन्सिलीएवढ्या काडीनं खालून मोकळी करा. तिथे मुळं आणि नारळाच्या शेंड्या अडकून बसतात. वरून सळई खुपसू नका, ओल्या मातीत मुळं तुटतात आणि माती घट्ट बसते. दोन-तीन दिवस फक्त दुपारपुरती सावली. बोट दोन पेरं घालून माती कोरडी लागली की मगच पाणी.

खत नवा फुटवा दिसल्यावर, तेही नेहमीच्या निम्म्या ताकदीचं. पावसानं नत्र वाहून गेलेलं असतं म्हणून खालची पानं पिवळी पडतील, घाबरू नका.

वेलवंत: चिरलेल्या टोमॅटोचं आजच बघा. निम्म्याहून जास्त जाडी शाबूत असेल तर खोड सरळ करून दोन बाजूंना वीतभर काड्या लावा आणि सुती चिंधीनं गुंडाळा. सुतळी काचते. वरचे घोस कमी करा, वजनानंच पुन्हा मोडतं. फक्त सालीवर लटकत असेल तर खालच्या बगलफुटीच्या (पानाच्या बेचक्यातून निघालेल्या फुटव्याच्या) वर कापून टाका, तीच नवं खोड होईल. कापलेला शेंडा फेकू नका: खालची पानं काढून चार इंच मातीत पुरा आणि सावलीत ठेवा, टोमॅटोच्या खोडाला मुळं सहज फुटतात.

भेंडीला हिसका देऊन उभं करू नका, सोटमूळ तुटतं. माती मऊ आहे तोवर हळूच उचला, बुंध्याशी दोन मुठी माती दाबा, काठीला सैल आठाच्या आकड्यात बांधा.

गच्चीकर: रंग धरलेले टोमॅटो तडकलेत. ठेवू?

मातीमोल: तडकलेले लगेच काढून वापरा, भेगेत बुरशी शिरते. कोरडीनंतर एकदम पाणी मिळालं की आतला गर सालीपेक्षा वेगानं फुगतो. रंग बदलू लागलेले चांगलेही काढा, घरात पिकतात.

वेलवंत: आणि मातीचे शिंतोडे उडालेली खालची पानं पावसाळी दिवसात करप्याला (पानं करपवणाऱ्या बुरशीच्या रोगाला) आमंत्रण. पानं कोरडी असताना जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची काढा, वर पालापाचोळ्याचं दोन इंच आच्छादन. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक फवारायचं तर लिटरला 2.5 ग्रॅम, संध्याकाळी. तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते पाकिटावर वाचा. त्याच मातीत ट्रायकोडर्मा घालायचा विचार असेल तर दोन्ही एकत्र नकोत, तांबं त्या उपयोगी बुरशीलाही मारतं.

गच्चीकर: काकडीची जाळी अजून ताठ आहे.

वेलवंत: मग वेल सोडवू नका. पिळवटलेला भाग हिरवा असेल तर तसाच राहू द्या. पुन्हा वारा सुटणार असेल तर शेडनेट मात्र आधी उतरवा, ते शिडासारखं फुगतं आणि खांबासकट सगळं ओढून नेतं.