मदत हवी आहे: ११ वर्षांच्या मुलाची मान काळी, साखर काठावर, लिव्हरवर चरबी (नागपूर)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढते आहे, थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा ११ वर्षं ४ महिन्यांचा. उंची १४६ सेंमी, वजन ५४ किलो. आम्ही मनीषनगरला राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि हा एकुलता एक.

दीडेक वर्षापासून त्याची मान मागून काळी पडत होती. मला वाटलं मळ आहे. आपल्याकडचं ऊन, घाम, त्यात शाळेच्या शर्टाची कॉलर. दर रविवारी न्हाऊ घालताना मी बेसन-दही चोळायची, मग घासणीनं घासायची. तो "आई, जळतंय" म्हणायचा. मान लाल व्हायची, काळेपणा जसाच्या तसा. या महिन्यात बालरोगतज्ज्ञांनी त्याची कॉलर खाली करून मानेवरून बोट फिरवलं, काखा बघितल्या आणि म्हणाले, "हा मळ नाही ताई. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की कातडी अशी जाड, मखमलीसारखी होते." त्या रात्री तो झोपल्यावर मी त्याच्या मानेला खोबरेल लावलं. किती वेळ तशीच बसून होते, कळलं नाही.

रिपोर्ट असे: उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १६८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) ५८. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड वन. कमरेचा घेर ८० सेंमी. थायरॉईड नॉर्मल. एके ठिकाणी बीपी जास्त आलं होतं, इथे मोठ्या दंडाला बसेल असा रुंद पट्टा लावून घेतलं तर कमी आलं, पण काठावरच.

सोनोग्राफीच्या कागदावर 'नॉन-अल्कोहोलिक' असा शब्द होता. सासूबाईंनी तेवढाच वाचला आणि त्या हादरल्या. "आपल्या घरात कोणी थेंबाला शिवलं नाही, पोराच्या कागदावर हे काय लिहिलंय?" समजावता समजावता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, वाढतं वय आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल. आम्ही निश्चिंत झालो. एक वर्ष गेलं ते गेलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. हा जन्मला तेव्हा २.४ किलोचा होता. अगदी पाखराएवढा. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकानं त्याला भरवलं. मी, माझी आई, सासूबाई. "बाळसं धरू दे" हेच सगळ्यांच्या तोंडी. दोन वर्षांत तो गुबगुबीत झाला तेव्हा आम्ही जिंकलो असं वाटलं होतं. आता वाचते आहे की पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक नेमकं याच गोष्टीमागे गेली तीस वर्षं लागले आहेत. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि मग त्यांची मुलं असा त्यांनी पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये कमी काय होतं? स्नायू आणि पोटातले अवयव. पाठीवरची चरबी जवळपास तेवढीच. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा बाळाचं वजन पुढे भराभर वाढलं तर मधुमेहाचा धोका आणखी चढतो. हे वाचून मी दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही.

आता प्रश्न. असे रिपोर्ट आलेल्या मुलाला नेहमीचे बालरोगतज्ज्ञ पुरेत, की लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे जायला हवं? एका नातेवाइकांनी मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) सुरू करा म्हणून घोशा लावलाय, ते या वयात देतात का? आणि माझा सगळ्यात मोठा प्रश्न: त्याला न दुखावता हे घरात कसं करायचं? ट्यूशनमध्ये त्याला 'टुनटुन' म्हणतात. परवा त्यानं ताटातली पोळी परत ठेवली आणि विचारलं, "आई, मी आजारी आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. सासूबाईंना वाटतं मी पोराला उपाशी मारते आहे. शाळेतून चार वाजता तो भुकेनं कळवळत येतो, आणि तीच वेळ माझ्या हातात नसते, मी सहाला घरी पोचते.

प्रतिसाद १ (वर्ध्याची_बालडॉक्टर)

ताई, आधी ती घासणी फेकून द्या आणि स्वतःला दोष देणं थांबवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया तेच करून आलेल्या असतात. मुलाला न बघता औषध सांगणार नाही, पण कागद वाचायला मदत करते.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५.३ येतो. मोठ्यांचा तक्ता मुलांना लावायचा नसतो. भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, ५ ते १८ वयासाठी. त्यावर तुमचा मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे. तक्ता हाताशी नसेल तर घरात टेप घ्या: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. १४६ चे निम्मे ७३, त्याचा ८०. ही सात सेंमी पोटाच्या आतली चरबी सांगतात, आणि त्रास तीच देते. ती चरबी यकृतात जाते, यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतत राहतं. मान काळी, ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, साखर काठावर: ही सगळी एकाच झाडाची फळं.

तुमचा एसजीपीटी ५८ आहे आणि लॅबच्या कागदावर बहुधा 'चाळीस-पंचेचाळीसपर्यंत नॉर्मल' छापलं असेल. ती मोठ्यांची मर्यादा. मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ च्या वर गेलं की आम्ही लक्ष घालतो. म्हणजे तो थोडासा नाही, दुपटीहून जास्त आहे. तीन महिन्यांनी पुन्हा करा. तोवर उतरला नाही तर कावीळ आणि यकृताचे इतर आजार नाहीत ना, तेही बघावं लागेल. आणि आजींना सांगा, तो दारूचा शब्द आता जगभरच्या तज्ज्ञांनीच २०२३ मध्ये या आजाराच्या नावातून काढून टाकला आहे.

साखर १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तो एकटा नाही. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर झालेल्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शाळकरी मुलांत साधारण दहातलं एक या उंबरठ्यावर सापडलं होतं. मेटफॉर्मिन टाइप टू मधुमेह झालेल्या दहा वर्षांवरच्या मुलांना देतात. उंबरठ्यावरच्या मुलाला सरसकट देत नाहीत. नातेवाइकांच्या सांगण्यावरून तर मुळीच सुरू करू नका. पण हयगयही नको. लहान वयात होणारा टाइप टू मोठ्यांपेक्षा आडदांड असतो. अमेरिकेत अशा मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, २०१२ साली निकाल आले तेव्हा, नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांची साखर आटोक्यात राहिली नव्हती.

उंची वयाच्या मानानं चांगली आहे, ही जमेची बाजू. हार्मोनच्या बिघाडानं वजन वाढतं तेव्हा बहुतेक वेळा उंची खुंटते. तरी एवढे आकडे बिघडलेत तर बाल-हार्मोनतज्ज्ञांना एकदा दाखवाच.

आणि वजन 'उतरवायच्या' मागे लागू नका. आधी थांबवा. तो ५४ वर थांबला आणि उंची १५४ झाली, तर बीएमआय २२.८ होतो. वाढत्या मुलाला ही सवलत आहे, आपल्याला नाही.

प्रतिसाद २ (इतवारीचा_बाबा)

ताई, माझी पोट्टी तेराची. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच जागी होतो. आम्ही पहिली चूक केली ती ही की तिच्या ताटात वेगळं वाढायला लागलो. आम्ही तर्री-पोहे खाऊन राहिलो आणि ती समोर काकडी चावून राहिली. महिनाभरात ती दप्तरात बिस्किटं लपवायला लागली. गादीखाली पुडा सापडला त्या दिवशी मी आणि बायको दोघंही रडलो. मग ठरवलं, जे करायचं ते सगळ्यांनी. रविवारचे तर्री-पोहे बंद नाही केले, महिन्यातून दोनदा, सगळे मिळून.

चार वाजताच्या भुकेवर उपाय: त्या वेळी नाश्ता देऊच नका, जेवणच द्या. भाजी-पोळी, वाटीभर घट्ट वरण, उसळ. आणि हे काम आजीवर सोपवा. आमच्या आईला "देऊ नका" म्हटलं की ती चिडायची. "आई, चारला ताजी ज्वारीची भाकर फक्त तुमच्याच हातची जमते" म्हटलं, तशी ती साडेतीनलाच तवा ठेवायला लागली. बिचारीला खाऊ घालायचं होतं, नातीनं खावं एवढंच.

रस बंद करा. आपण नागपूरकर, संत्र्याचा रस आपल्याला औषध वाटतो. एका ग्लासात चार संत्री जातात, चोथा गाळला जातो, उरलेली साखर झटक्यात यकृतावर येते. संत्रं सोलून, फोडी करून खाऊ द्या. दोनाच्या वर कोणी खात नाही.

प्रतिसाद ३ (काटोलकर)

एवढं घाबरायचं काऊन? खात्यापित्या घरचं पोर आहे. आम्हीही असेच होतो.

प्रतिसाद ४ (वर्ध्याची_बालडॉक्टर)

काटोलकर दादा, आपण तसे होतो तेव्हा शाळेतून पायी यायचो आणि अंधार पडेपर्यंत मैदानावर असायचो. आणि आपली तेव्हा कोणी साखर तपासलीच नव्हती.

ताई, एक धीर देणारी गोष्ट राहिली होती. २०११ मध्ये सहा हजारांवर लोकांचा लहानपणापासून सरासरी २३ वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास आला. जी मुलं लठ्ठ होती पण मोठेपणी लठ्ठ राहिली नाहीत, त्यांचा मधुमेहाचा, बीपीचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकाच निघाला. अकराव्या वर्षी तुम्हाला कळलं. उशीर झालेला नाही. तो विचारेल तेव्हा सांगा, "तू आजारी नाहीस, तुझ्या लिव्हरला थोडी मदत लागते आहे आणि ती आपण सगळे करणार आहोत."

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

डॉक्टरताईंचं वाक्य मी त्याला तसंच्या तसं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग बाबा पण रात्री मोबाइल बाहेर ठेवतील का?" आता तिघांचे मोबाइल साडेनऊला देवघराशेजारच्या फळीवर असतात. तो दहाच्या आत झोपतो, आधी साडेअकरा व्हायचे. हार्मोनतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. ट्यूशनच्या सरांशी मी स्वतः जाऊन बोलले, ते नाव बंद झालं आहे. सासूबाई चारला भाकर करतात. परवा पहिल्यांदा त्यांनीच शेजारणीला सांगितलं, "पोराच्या लिव्हरला जपतोय आम्ही."

अडलं आहे ते खेळापाशी. रोज तासभर घाम येईल असं खेळायला सांगितलंय, आणि इथे आत्ताच पारा बेचाळीसवर. सकाळी सहाला तो उठत नाही, संध्याकाळी साडेसहापर्यंत अंगणातली फरशी तापलेली असते. पोहायला न्यावं तर अंगावरचा शर्ट काढायला तो तयार नाही, आणि मी जबरदस्ती करणार नाही. मनीषनगर-बेसा बाजूला संध्याकाळी सातनंतर दिवे असलेलं मैदान, किंवा नवशिक्या मुलांना सामावून घेणारा बॅडमिंटन हॉल कोणाला माहीत आहे का? निवड चाचणी घेणारा नको. नुसतं खेळू देणारा हवा.