१८५१ चं लंडनचं प्रदर्शन आणि राणीच्या बागेतलं म्युझियम, नातं काय?

भायखळा_स्लो:
रविवारी लेकाला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. पेंग्विनची लाइन बघूनच धसका घेतला आणि सरळ शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये शिरलो. शाळेच्या ट्रिपला बघितलं होतं तेव्हा नुसती धूळ आठवते, आता काय चकाचक केलंय! तर आत एक संगमरवरी गोरा साहेब उभा आहे, लेक म्हणतो आई हेच का भाऊ दाजी :) ते निघाले प्रिन्स अल्बर्ट, व्हिक्टोरिया राणीचे मिस्टर. तिथल्या एक ताई म्हणाल्या की या म्युझियमचं मूळ १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आहे. मला त्यातलं काचेचा महाल आणि कोहिनूर एवढंच माहितीये. तो महाल गेला कुठे? आणि लंडनच्या जत्रेचा भायखळ्याशी काय संबंध? कुणीतरी नीट सांगा, लेक रोज डोकं खातोय.

टेम्सकाठचा:
ताई, मी पाच वर्षं दक्षिण लंडनमध्ये राहिलोय, क्रिस्टल पॅलेस (तुमचा काचेचा महाल तो हाच) स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे हा माझा आवडता विषय, थोडं लांबेल.

अल्बर्ट साहेब तिथे उभे आहेत कारण प्रदर्शनाच्या मागे तेच होते, ते आणि हेन्री कोल नावाचा एक उचापती सरकारी अधिकारी. जगातल्या सगळ्या देशांचा माल, यंत्रं, कलाकुसर एका छपराखाली आणायची. जागा ठरली हाइड पार्क. बिल्डिंगसाठी स्पर्धा घेतली, २४५ डिझाइन्स आली आणि कमिटीने सगळीच्या सगळी नापास केली. मग स्वतः एक विटांचं धूड डिझाइन केलं, त्यावर लोकांनी बोंबाबोंब केली. वेळ तर संपत आलेली. तेव्हा पुढे आला जोसेफ पॅक्सटन, जो आर्किटेक्ट नव्हताच, एका ड्यूकचा माळी होता! त्याने चॅट्सवर्थला अॅमेझॉनच्या त्या परातीएवढ्या पानांच्या कमळासाठी काचेचं घर बांधलं होतं, तीच आयडिया मोठी केली. जून १८५० मध्ये डर्बीला रेल्वेच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याने टीपकागदावर स्केच काढलं, तो गुलाबी टीपकागद आजही लंडनच्या म्युझियममध्ये जपून ठेवलाय.

आणि १ मे १८५१ ला उद्घाटन! म्हणजे वर्षसुद्धा नाही लागलं. साधारण १८५० फूट लांब, जवळजवळ ३ लाख काचा, सगळे भाग कारखान्यात एकाच मापाचे बनवायचे आणि जागेवर आणून जोडायचे, आपल्याकडे मांडववाले करतात तसं, फक्त बांबूऐवजी लोखंड. खांब आतून पोकळ ठेवलेले, छपरावरचं पावसाचं पाणी त्यातूनच खाली उतरायचं. पार्कातली मोठी एल्मची झाडं तोडायला लोकांचा विरोध होता म्हणून झाडांसकट वर छप्पर घातलं, तर आत चिमण्या अडकल्या आणि प्रदर्शनातल्या मालावर शिटायला लागल्या. राणीने ड्यूक ऑफ वेलिंग्टनला उपाय विचारला आणि तो म्हणाला ‘ससाणे सोडा’, अशी एक दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे, पण मजेशीर आहे.

ऑक्टोबरपर्यंत ६० लाखांवर तिकिटं गेली. सुरुवातीला तिकीट महाग होतं, मग मेच्या शेवटापासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग केलं आणि गावोगावचे मजूर रेल्वेने लोटले. थॉमस कुक म्हणून एक जण होता, त्याने स्वस्त ट्रिपा काढून लाखावर माणसं आणली. हो, तोच टूर कंपनीवाला.

वरणफळ:
सगळं छान, पण कोहिनूरचं काय ते कोण सांगणार? मी सांगतो. १८४९ ला पंजाब खालसा केला, तिथल्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून तहात हिरा लिहून घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीने स्वतः तो पट्ट्यात शिवून कमरेला बांधून लाहोरहून मुंबईला आणला आणि एप्रिल १८५० मध्ये इथूनच बोटीने रवाना झाला. म्हणजे मुंबईशी संबंध हवाच असेल तर हा घ्या पहिला.

आणि गंमत पुढे. प्रदर्शनात तो सोन्याच्या मुलाम्याच्या पिंजऱ्यात ठेवला, बघायला ही गर्दी, आणि लोक नाक मुरडत बाहेर! कारण हिरा चमकेच ना. आपल्याकडे दगडाचं वजन राखून पैलू पाडायचे, त्यांना हवी लखलख. गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी ढिम्म. शेवटी १८५२ मध्ये तासून १८६ कॅरेटचा १०५ वर आणला. दुसऱ्याच्या घरची वस्तू उचलायची, वर तिला नावं ठेवायची, वर कापायची!!

अजून एक. भारताच्या दालनात मुर्शिदाबादच्या नवाबाने पाठवलेली हौदा-अंबारी होती, पण ती ठेवायला हत्ती कुठाय? शोधाशोध करून एका छोट्या गावच्या म्युझियममधून पेंढा भरलेला हत्ती आणला. तो होता आफ्रिकेचा. ६० लाख लोकांच्या डोळ्यांदेखत सुपाएवढ्या कानांचा आफ्रिकी हत्ती भारताचा म्हणून उभा.

जेजे_कॅन्टीन:
@वरणफळ हत्तीचं माहीत नव्हतं, हसून मेलो. पण तुमचा राग बरोबर असला तरी गोष्ट तिथे संपत नाही. ढाक्याची मलमल, त्रावणकोरचं हस्तिदंती सिंहासन, हे बघून तिथल्या डिझाइनवाल्यांनाच घाम फुटला, की आमच्या यंत्रावरच्या भडक मालापेक्षा हे हाताचं काम रंगात आणि नक्षीत उजवं आहे. असं लिहून ठेवलंय त्यांनी. मग पुढे काय, तर नमुने गोळा करा, म्युझियम काढा, शाळा काढा. अर्थात त्यात शुद्ध कलाप्रेम होतं असं कोण म्हणेल, कच्चा माल कुठे काय मिळतो त्याची यादीच होती ती एक प्रकारे.

आता भायखळा. १८५५ ला पॅरिसने लंडनची कॉपी करून स्वतःचं प्रदर्शन भरवलं. त्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू जमवल्या तेव्हा एकेक जोड इथेच ठेवून घेतला, फोर्टातल्या बराकीत. तोच तुमच्या म्युझियमचा पाळणा. पुढे जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट यांनी पैसा उभा केला आणि २ मे १८७२ ला आत्ताची इमारत लोकांना खुली झाली. नाव तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं, भाऊ दाजींचं १९७५ ला लागलं. लेकाला सांगा, अल्बर्टचा पुतळा डेव्हिड ससूनने दिलाय. चांगला पैसे ओतून केलेला आहे.

आमचं जेजे आर्ट स्कूल पण त्याच लाटेतलं. जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ ला शाळा सुरू झाली.

आणि काचेच्या महालाचा चुलतभाऊ बघायचा असेल तर काळा घोड्याला जा. वॉटसन हॉटेल, आत्ताचं एस्प्लनेड मॅन्शन. अख्खा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून बोटीने आणून इथे जोडला, आणि डिझाइन करणारा ऑर्डिश हा क्रिस्टल पॅलेसवर काम केलेला इंजिनिअर. १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथेच दाखवला. समोरून जाताना मान वर करून बघवत नाही इतकी दुर्दशा झाली त्याची.

टेम्सकाठचा:
वा, ऑर्डिशचं भारी सांगितलंत. महाल कुठे गेला ते राहिलंच की. प्रदर्शन संपल्यावर सगळं सुटं करून दक्षिणेला सिडनहॅमच्या टेकडीवर नेलं, अजून मोठं करून १८५४ ला पुन्हा उभं केलं. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आग लागली आणि सकाळी वाकलेलं लोखंड उरलं. आता तिथे रुंद पायऱ्या आहेत, कुठेच न जाणाऱ्या, दोन्ही बाजूंना स्फिंक्स, आणि खाली तळ्याकाठी १८५४ चे सिमेंटचे डायनोसॉर. त्यातल्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग बसवलंय, नंतर कळलं की ते हाड त्याच्या अंगठ्याचं होतं. मी रोज तिथे पळायला जायचो, थंडीत धुक्यातून ते ध्यान एकदम समोर आलं की दचकायला व्हायचं.

पण माझ्या मते खरी करामत नफ्याची. जवळपास १ लाख ८६ हजार पौंड उरले. वाटून खाल्ले नाहीत, साउथ केन्सिंग्टनला जमीन घेतली. आज तिथली म्युझियम्स, इम्पीरियल कॉलेज, अल्बर्ट हॉल सगळं त्याच जमिनीवर. प्रदर्शनासाठी नेमलेलं कमिशन अजूनही चालू आहे आणि स्कॉलरशिप देतं. अणुशास्त्रज्ञ रदरफोर्डला मिळालेली, आणि आपल्या होमी भाभांना पण! केंब्रिजला असताना ते १८५१ च्या स्कॉलरशिपवर होते. कोहिनूर गेला तो गेलाच, पण थोडं व्याज भाभांच्या ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राला पोचलं म्हणायचं.

वरणफळ:
व्याज कसलं, मुद्दल द्या म्हणावं आधी.

टेम्सकाठचा:
:) मान्य. बाय द वे, त्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्सने एक पेनी घेऊन फ्लशचे संडास चालवले होते, ८ लाख २७ हजार लोकांनी पैसे मोजले. लेकाला हे नक्की आवडेल.

भायखळा_स्लो:
बाप रे, मी दोन ओळी मागितल्या होत्या! सगळ्यांना थँक्स. वाचून दाखवलं, संडासावर हसून लोळला आणि हत्तीवर अडकून बसला. म्हणतो, आई, म्युझियमच्या बाहेर पण तुटकाफुटका दगडी हत्ती आहे, तो तरी आपलाच ना?

जेजे_कॅन्टीन:
त्याला सांगा, शंभर टक्के आपला, घारापुरीचा. तो पण इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता १८६४ मध्ये, उचलताना फुटला म्हणून राहिला. तुकडे नंतर जोडलेत, पुढच्या वेळी सांधे शोधायला लावा. बुधवारी जाऊ नका फक्त, बंद असतं.