अनुभव धागा: कॅथलिक विद्यापीठातली सेवा, चॅपल आणि तुम्ही

परवा भाचीचा फोन आला. तिला एका कॅथलिक विद्यापीठात प्रवेश मिळालाय आणि आनंदापेक्षा प्रश्नच जास्त. "मावशी, तू पण अशाच ठिकाणी शिकलीस ना? मिस्साला जावंच लागतं का? आणि हे सेवेचे तास म्हणजे नक्की काय करून घेतात?" तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण फोन ठेवल्यावर कितीतरी वर्षं न आठवलेलं सगळं वर आलं. म्हणून हा धागा.

मिस्साला, म्हणजे चॅपलमधल्या (विद्यापीठाच्या छोट्या चर्चमधल्या) सामुदायिक उपासनेला, मला कुणी ओढलं नाही, कुणी अडवलंही नाही. सेवा मात्र अभ्यासक्रमातच होती. तत्त्वज्ञानाच्या एका विषयाला जोडून आठवड्यातली एक दुपार वृद्धाश्रमात. माझ्या वाट्याला आलेल्या आजींना अर्धांगवायू झालेला, बोलणं जवळजवळ गेलेलं. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि त्या दर वेळी निधनवार्तांच्या पानावर बोट ठेवायच्या. मला ते फार जड जायचं. मग तिथल्या नर्सने सांगितलं, "त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणींपैकी कोण कोण उरलंय ते बघायचं असतं त्यांना." त्यानंतर आम्ही दोघी मिळून ती नावं शोधायचो. ओळखीचं नाव नसलं की त्या माझा हात थोपटायच्या.

परत आल्यावर कॅम्पस मिनिस्ट्रीच्या (विद्यापीठातलं धार्मिक काम बघणाऱ्या विभागाच्या) खोलीत गोल करून बसायचं. सिस्टर विचारायच्या, आज काय पाहिलंत? काय केलंत, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. सेवेची ठिकाणं पुढे आयुष्यात पुष्कळ मिळाली, ही बसण्याची जागा मात्र दुसरीकडे कुठे मिळाली नाही. मला वाटतं अशा विद्यापीठाचं खरं देणं तेच. जेझुइटांकडे (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) तर दिवस संपताना तो पुन्हा डोळ्यांसमोरून नेण्याची ही सवय थेट त्यांचे संस्थापक, सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलांपासून चालत आलीय. एक्झामेन म्हणतात तिला. मी ख्रिस्ती नाही, पण ती अजून सुटलेली नाही.

विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, कुणाचे आईवडील, जे आठवेल ते लिहा. विस्कळीत चालेल.

रानजाई:
वाचतेय. निधनवार्तांपाशी थांबले जरा. बाळ झोपलं की लिहिते.

पाणपोई:
आमच्याकडे शुक्रवारची रात्रफेरी असायची. रस्त्यावर झोपणाऱ्यांपर्यंत पांघरुणं, मोजे, गरम काहीतरी पोचवायचं. एकच नियम होता: आधी आपलं नाव सांगायचं, मग त्यांचं विचारायचं, आणि पुढच्या शुक्रवारी ते नाव आठवलं पाहिजे. सामान संपलेलं चालेल, नाव विसरलेलं चालणार नाही. एक काका तर गाडी दिसली की लांबूनच ओरडायचे, "सांग माझं नाव!" पास झालो की स्वतःच टाळ्या वाजवायचे.

आमचं व्हिन्सेंशियन विद्यापीठ, म्हणजे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या संघाचं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात फ्रेदेरिक ओझानामची गोष्ट ऐकायला मिळाली. पॅरिसमध्ये शिकणारा विद्यार्थी. चर्चासत्रात कुणीतरी त्याला टोकलं, तुमच्या चर्चने पूर्वी काय केलं ते सांगू नकोस, आज गरिबांसाठी काय करताय ते सांग. ते त्याला इतकं लागलं की १८३३ मध्ये मित्रांना घेऊन त्याने गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. त्यातूनच संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. वय वर्षं वीस! रोझाली रेंडू नावाच्या सिस्टरने या पोरांना कुणाच्या घरी जायचं, तिथे कसं बसायचं, कसं बोलायचं ते शिकवलं. मला त्या सिस्टरचं जास्त कौतुक वाटतं. उत्साही पोरं कुठेही मिळतात, त्यांना दार ठोठवायला शिकवणारं माणूस मिळत नाही.

गणितवेडा:
धागा चांगला आहे, पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. सक्तीची सेवा ही सेवा कशी? मार्कांसाठी म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही.

धागाकर्ती:
राग कसला, आमच्या त्या गोलात यावर दर वर्षी वाद व्हायचा. माझं म्हणणं असं, की वाचन सक्तीचं असतं, प्रयोगशाळा सक्तीची असते, मग माणसांकडे जाणं तेवढं ऐच्छिक का? १९७३ मध्ये व्हॅलेन्सियाला जेझुइटांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे बोलले होते. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला, आणि प्रामाणिकपणे उत्तर नाही असंच आहे, हेही स्वतःच सांगितलं. संस्थेचा प्रमुख माजी विद्यार्थ्यांसमोर उभं राहून हे बोलतो! इतरांसाठी जगणारी माणसं घडवायची, हे शब्द तिथूनच सगळ्या जेझुइट संस्थांमध्ये पसरले. आणि बोलणारा माणूस कोण, तर १९४५ मध्ये हिरोशिमाजवळच्या आपल्या आश्रमाचं रातोरात इस्पितळ करणारा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून धर्मगुरू झाले होते, ते तिथे कामी आलं.

गणितवेडा:
अरुपेंचं हे माहीत नव्हतं. वाचतो त्यांच्याबद्दल. मार्कांचा मुद्दा मात्र कायम.

शेवटचा_बाक:
मी कॅथलिक घरातली, त्यामुळे माझी गोष्ट उलटी आहे. सेवेचं काही वाटायचं नाही, ते लहानपणापासून बघितलेलं. श्रद्धाच डळमळली पहिल्या वर्षात. वडील अचानक गेले आणि परत आल्यावर मी चॅपलला जाणंच सोडलं. होस्टेलच्या मजल्यावर एक फादर राहायचे (आमच्याकडे तशी पद्धत होती, धर्मगुरू विद्यार्थ्यांच्याच इमारतीत राहायचे). मी मिस्साला येत नाही हे त्यांना नक्की कळलं असणार, पण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. कपडे धुण्याच्या खोलीत भेटले की वडिलांबद्दल विचारायचे. काय काम करायचे, कशावर हसायचे, आवाज कसा होता. सगळे जण मला धीर देत होते, वडिलांबद्दल मात्र कुणीच काही विचारत नव्हतं.

परतले ते कुठल्या प्रवचनामुळे नाही. दुपारच्या मिस्साला पाचसहाच जण असायचे: एक सफाई कामगार बाई, दोन प्राध्यापक, एखादा परीक्षेने घाबरलेला. त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसायला लागले. त्या रोज कुणाकुणाची नावं घेऊन प्रार्थना करायच्या. एक दिवस त्यात माझ्या वडिलांचं नाव ऐकलं. मी त्यांना ते सांगितलंच नव्हतं, फादरांनीच सांगितलं असणार.

आता अजून लिहवत नाही. नंतर येते.

पाणपोई:
शेवटचा_बाक, ❤️ सावकाश या.

भटकी:
परीक्षेने घाबरलेला 😄 अगदी अगदी. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात लूर्दच्या गुहेची (फ्रान्समधलं मारियामातेचं तीर्थक्षेत्र) प्रतिकृती आहे, १८९६ ची. परीक्षेच्या दिवसांत तिथे मेणबत्त्या लावायला इतकी गर्दी होते की रात्रीसुद्धा लख्ख उजेड. माझी रूममेट पक्की नास्तिक, पण तीही लावून यायची, आणि विचारलं तर म्हणायची की आजीसाठी लावली.

गणितवेडा:
भरकटवतोय, पण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोप लिओ चौदावे गणिताचे पदवीधर आहेत! व्हिलानोव्हा विद्यापीठ, १९७७.

भटकी:
ऑगस्टिनियन लोकांचं (हाही धर्मगुरूंचा एक संघ) विद्यापीठ ना ते? तिथे सप्टेंबरमध्ये सेवेचा एक दिवस असतो, संत थॉमस ऑफ व्हिलानोव्हाच्या नावाने. आणि स्पेशल ऑलिंपिक्सचा (बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धांचा) मोठा महोत्सव तिथले विद्यार्थीच चालवतात. माझा भाऊ त्यात एका खेळाडूचा सोबती होता. धावायचं त्या खेळाडूला आणि आदल्या रात्री झोप नाही आमच्या भाऊरायांना.

गणितवेडा:
हे बिनमार्कांचं ना? मग झकास 🙂

उंबरठा:
मी मुस्लिम आहे. चार ओळी लिहितो, कारण असल्या धाग्यांवर "धर्मांतर करतात का हो" हा प्रश्न येतोच आणि तो येण्याआधीच लिहिलेलं बरं. मला कधीही, कुणीही विचारलं नाही. उलट नमाजासाठी खोली मिळाली आणि रमजानमध्ये पहाटेच्या जेवणाची सोय चॅप्लेनच्या (विद्यापीठाच्या धर्मगुरूंच्या) कार्यालयाने केली. अशा विद्यापीठांबद्दलचा जो मूळ दस्तऐवज आहे, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये काढलेला, त्यात प्रत्येकाच्या सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य पूर्णपणे जपलं जावं असं स्पष्ट लिहिलंय. जॉर्जटाउन हे जेझुइटांचं विद्यापीठ, तिथे १९९९ मध्ये पूर्णवेळ इमाम नेमले, पुढे हिंदू धर्मगुरूही आले.

मला तिथे माझा धर्म जास्त कळला. आजूबाजूला सगळे आपापल्या श्रद्धेबद्दल न लाजता बोलत होते, मग मलाही माझ्या श्रद्धेबद्दल बोलता येण्यासाठी वाचावं लागलं.

धागाकर्ती:
उंबरठा, ही शेवटची ओळ भाचीला जशीच्या तशी पाठवतेय.

कोरा_कागद:
सगळं गोड गोडच चाललंय म्हणून लिहिते. आमच्या सेवा दौऱ्यात मुलांचे फोटो काढून माहितीपत्रकात छापले होते. कुणालाही विचारलं नव्हतं. त्यातली एक मुलगी पुढच्या भेटीत मला म्हणाली, "माझा तो फोटो नको होता, माझा फ्रॉक फाटलेला होता." विद्यापीठाचं नाव घेत नाही. पण सेवा करणाऱ्यांनी कॅमेरा खोलीवर ठेवून जावं, हे माझं ठाम मत आहे. आम्ही काही जणींनी लेखी तक्रार केली, पुढच्या वर्षीपासून फोटो बंद झाले.

पाणपोई:
१००% अनुमोदन.

रानजाई:
झोपलं एकदाचं. एका हाताने टाइपतेय, चुका समजून घ्या.

मी बायकांच्या तुरुंगात लिहायला-वाचायला शिकवायला जायचे. एक बाई लेकीला पत्र लिहीत होत्या, म्हणाल्या बघ जरा बरोबर आहे का. भरपूर चुका होत्या. मी पेन्सिल घेतली तर हातच धरला माझा. "नको, तू नीट केलंस तर तिला वाटेल दुसऱ्या कुणी लिहिलंय." मग मी फक्त पत्ता तपासला. आजही कुणाचं लिखाण तपासायला घेतलं की त्या आठवतात (मी आता शिक्षिका आहे).

गणितवेडांना: मी पण तासांसाठीच गेले होते हो. तास संपल्यावरही जात राहिले. आमच्या वर्गातले निम्मे तास भरल्याबरोबर थांबले, तेही खरं.

भटकी:
रानजाई, दात येतायत का बाळाला? रात्री जागतंय म्हणून विचारलं.

रानजाई:
वरचे दोन 😭 थंड केलेलं टीदर दिलंय, घेतच नाही.

भटकी:
स्वच्छ ओलं फडकं गार करून दे चावायला. आमच्याकडे तेवढंच चाललं.

वाटसरू_७:
दौऱ्यांचा विषय निघालाय म्हणून. आम्हाला एल साल्वादोरला नेलं होतं, मध्य अमेरिकन विद्यापीठात. तिथे १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराच्या तुकडीने सहा जेझुइटांना मारलं, कुलगुरू इग्नासिओ एयाकुरिया त्यांत होते. त्यांच्या घरी काम करणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची मुलगी सेलिना यांनाही मारलं. शहरात लढाई चालली होती, या दोघी जास्त सुरक्षित म्हणून तिथे राहायला आल्या होत्या.

एल्बांचे पती तिथेच माळी होते. जिथे प्रेतं सापडली तिथे त्यांनी गुलाब लावले. ती बाग अजून आहे. आमच्यात एक मुलगा होता, सगळ्यावर शंका काढणारा, त्याने गाइडला विचारलं, "ही माणसं गप्प राहिली असती तर वाचली असती का?" गाइड म्हणाल्या, "कदाचित. पण मग तुम्ही इथे कशाला आला असतात?"

विद्यापीठाने गरिबांची बाजू घ्यायची म्हणजे आठवड्यातली एक दुपार देणं एवढंच नाही. तिथली माणसं युद्ध का चाललंय, जमीन कुणाकडे आहे, यावर संशोधन करून छापत होती. सेवेच्या तासांबरोबर हेही मुलांना शिकवलं पाहिजे, नाहीतर आपण फक्त पांघरुणं वाटत राहू.

पाणपोई:
पांघरुणं वाटणारी मीच 🙂 पण मान्य. फेरीनंतर आम्हाला घरभाड्यांचे कायदे वाचायला लावायचे, ते लिहायचं राहिलं होतं.

शेवटचा_बाक:
परत आले. वाटसरू, एल्बा आणि सेलिनाची नावं लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक जण सहा जणांवरच थांबतात.

नवी_पालक:
उशिरा आले. मुलगा पुढच्या वर्षी जातोय. एक साधी शंका: मित्रांबरोबर मिस्साला गेला तर कम्युनियनच्या वेळी त्याने काय करायचं? आम्ही ख्रिस्ती नाही.

शेवटचा_बाक:
कम्युनियन (मिस्सात दिला जाणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) घ्यायचं नाही, एवढंच लक्षात ठेवू द्या, ते कॅथलिकांसाठी असतं. जागेवर बसून राहिला तर कुणी वळूनही बघत नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून रांगेतून पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात, तेही चालतं. आधी शेजारच्या मित्राला विचारून घ्यावं. आणि उभं राहणं, बसणं बाकीच्यांचं बघून जमतं, गुडघे टेकले नाहीत तरी चालतं.

नवी_पालक:
खूप आभार, त्याला दाखवते. फोटोंचंही सांगते.