मदत हवी आहे : 'थिकन करून द्या' हे मावशींना मराठीत कसं सांगू?

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो. बाबांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक येऊन दोन महिने झाले. बोलणं बरंच सुधारलंय पण साधं पाणी पितानाही ठसका लागतो, पातळ असलं की घशात पटकन उतरतं आणि श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून स्पीच थेरपिस्टनी पाण्यासकट सगळं 'थिकन' करून द्यायला सांगितलंय. कागदावर लिहिलंय दाटपणाची लेव्हल 2, माइल्डली थिक (म्हणजे थोडंसंच दाट), बस एवढंच.

दिवसभर बाबांजवळ मावशी असतात, मी ऑफिसात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मावशी, चहा घट्ट करून द्या. त्यांनी पाऊण तास उभं राहून दूध आटवलं, वर जाड साय आली, चहा केला आणि बाबांना ठसका लागायचा तो लागलाच. मग 'दाट' म्हटलं तर त्यांनी नाचणीची आंबील केली. वाटीत छान दाट होती हो, पण उष्टा चमचा परत परत वाटीत जाऊन तळाशी चक्क पाणी झालं. थेरपिस्ट म्हणाल्या लाळेतलं अमायलेज पिठातला स्टार्च मोडतं, म्हणून झँथन गमची पावडर वापरा, ती लाळेने पातळ होत नाही.

तेव्हापासून मी शब्दच शोधतेय. बासुंदी आटते, पिठलं गार झालं की आळतं, आमटी मिळून येते, आणि इंग्रजीत या सगळ्याला एकच, थिकन! आम्हाला यातलं काहीच नकोय, गॅसवर न ठेवता पावडर ढवळून नुसता दाटपणा आणायचाय, पेल्यातून पिता आलं पाहिजे पण पाण्यापेक्षा सावकाश वाहिलं पाहिजे.

मोजायची रीत आहे, 10 मिलीची सिरिंज (दट्ट्या काढून), तोंडाला बोट लावून 10 मिलीपर्यंत भरायची, बोट काढून 10 सेकंद मोजायचे, आत 4 ते 8 मिली उरलं की लेव्हल 2. मावशी एका दिवसात शिकल्या, पण प्रत्येक कपाला सिरिंज कुठे काढणार, त्यांना डोळ्यांनी कळेल असा शब्द हवा.

फ्रीजवर कागद लावायचाय. 'सरसरीत' लिहिलं तर त्यांना भज्यांचं पीठ वाटतं, ते फार दाट होईल. 'पळीवाढं' म्हणजे आमच्याकडे पिठलं, तेही जास्तच. घरी असा पेशंट सांभाळलेल्या कोणी सांगाल का, तुम्ही काय शब्द वापरलात, कशासारखं म्हणालात? आणि दाट केलेलं पाणी बाबा तोंडात धरून ठेवतात, गिळत नाहीत, काल तर भरलेला पेला हातात घेऊन नुसते बघत बसले होते. ते गोडीनं प्यावं म्हणून काय करता, तेही सांगा प्लीज.