मदत हवी आहे: ढाल तारकासमूहातला हा नारिंगी पुंजका तारकागुच्छ आहे की धुळीतली खिडकी?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलंय, क्लासमध्ये शिकवते. गच्चीवरून आता आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. म्हणून गेले चार महिने रात्रीची जेवणं आटोपली की ॲलाडिन हा आकाशाची चित्रं दाखवणारा प्रोग्राम उघडून टू-मास सर्वेक्षणाची अवरक्त चित्रं बघत बसते. १९९७ ते २००१ या काळात ॲरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी सगळं आकाश १.२५, १.६५ आणि २.१७ मायक्रॉनवर टिपलं, आणि ते सगळं कुणालाही फुकट बघता येतं.

मला या कामाची फार ओढ आहे. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशातला जेमतेम लाख कोटीतला एक कण धुळीतून आपल्यापर्यंत पोचतो. २.२ मायक्रॉनवर मात्र दहा-पंधरातला एक पोचतो. म्हणूनच तर ढाल तारकासमूहात १४ लाल महाराक्षसी ताऱ्यांचा आरएसजीसी १ हा गुच्छ २००६ साली उजेडात आला.

त्याच भागात मला एक जागा सापडली आहे. दृश्य चित्रात तिथे नुसता काळा डाग. टू-मासवर गेलं की त्याच डागात नारिंगी ठिपके दाटीने उमटतात. पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या बाराव्या हिश्शाएवढी जागा असेल. त्या वर्तुळात के पट्ट्यात (२.१७ मायक्रॉन) १३ प्रतीपेक्षा तेजस्वी ४१ तारे मोजले (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका कमी तितका तारा तेजस्वी). आजूबाजूच्या तेवढ्याच चार वर्तुळांत २४, २७, २२ आणि २९ भरले. सिंबॅड या खगोलीय वस्तूंच्या ऑनलाइन नोंदसंग्रहात तिथे कुठल्याच गुच्छाची नोंद नाही. हा खरा गुच्छ आहे हे कशावरून ठरवायचं? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मोजणी छान केलीत. पण सरासरी २५ असताना ४१ म्हणजे साधारण तीन सिग्मा, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या तिप्पट जास्त. तुम्ही चार महिन्यांत शेकडो जागा पाहिल्या असतील, त्यात एखादी एवढी दाट जागा निव्वळ योगायोगानेही मिळते. नुसत्या संख्येवर जाऊ नका, रंग बघा. प्रत्येक ताऱ्याचा जे वजा के (१.२५ आणि २.१७ मायक्रॉनवरच्या प्रतींतला फरक; जितका जास्त तितका तारा लाल) काढा आणि के प्रतीसमोर मांडा. गुच्छातले तारे एकाच अंतरावर, साधारण सारख्याच धुळीमागे असतात, त्यामुळे त्यांचे ठिपके एका अरुंद पट्टीत येतात. धुळीला भोक असेल तर मागचे सगळ्या अंतरांवरचे तारे दिसतात, ठिपके विखुरतात आणि शेजारच्यांपेक्षा कमी लाल निघतात.

प्रतिसाद २
यूकेआयडीएसएस या दुसऱ्या अवरक्त सर्वेक्षणाची चित्रंही बघा. हवाईतल्या ३.८ मीटर दुर्बिणीची आहेत, टू-मासला एक दिसलेला ठिपका तिथे कधी कधी तीन तारे निघतो. ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया या अवकाश दुर्बिणीला यातले जे थोडे तारे दिसतात त्यांची गतीही ताडून पाहा, गुच्छातले एकाच दिशेने सरकतात.

मूळ धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दोनपर्यंत बसून आलेख काढला. वर्तुळातल्या ताऱ्यांचा जे वजा के मध्यमान १.७ आला, बाहेरच्यांचा २.४. ठिपकेही सगळीकडे पसरलेत. म्हणजे खिडकीच. चित्र पुन्हा नीट पाहिलं, तर आजूबाजूचे तारे गडद लाल आणि माझे नारिंगी हे आधीपासून समोरच होतं. वाईट वाटलं, पण वहीत अशा आणखी ११ जागा लिहून ठेवल्यात. आज रात्री दुसऱ्या जागेचा आलेख काढते.