पैसे भरले तरी गाणी कुलपातच?

सत्तरीकर: चवथीला गावी आलोय, वाळपईच्या पुढे आमच्याकडे रेंजचा पत्ता नाही म्हणून नाट्यगीतं, भजनं सगळी पणजीतूनच डाउनलोड करून आणलेली. रात्री लावायला गेलो तर अ‍ॅप म्हणतंय आधी ऑनलाइन या, सबस्क्रिप्शन तपासायचंय. अरे बाबा, ऑनलाइन येता आलं असतं तर डाउनलोड कशाला केलं असतं! शेजारच्या पोराच्या पेनड्राइव्हवर कुठून कुठून उतरवलेली तीच गाणी मस्त वाजतायत. म्हणजे शिक्षा कोणाला, तर पैसे भरणाऱ्याला. गाण्यांवरची ही डिजिटल कुलपं काढूनच टाकायला हवीत.

म्हापशेकर कॅसेटवाला: मस्त वाजतायत, बरं. त्यातला एक रुपया तरी गाणाऱ्याकडे गेला काय रे? मी कॅसेटी विकल्यात, मग सीड्या विकल्यात. कांतारांची, म्हणजे कोकणी गाण्यांची, नवी सीडी आली की मागोमाग तिची कॉपी बाजारात, आणि घेणारे कोण, तर तियात्राला, म्हणजे आपल्या कोकणी नाटकाला, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारे आपलेच लोक. रेकॉर्डिंगला कलाकाराने घरचे पैसे घातलेले असायचे. तेव्हा कुलूप असतं तर चार पैसे सुटले असते बिचाऱ्याला.

मांडवीकाठ: कुलूप होतं की, तिकडे अमेरिकेत! २००५ चं सोनी बीएमजी या म्युझिक कंपनीचं प्रकरण आठवा. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की गुपचूप रूटकिट, म्हणजे लपून राहणारं सॉफ्टवेअर, बसायचं, विंडोजपासून स्वतःला लपवायचं, आणि मग व्हायरसवाले त्याच्याच आडोशाला. मार्क रसिनोविच नावाच्या कॉम्प्युटर तज्ज्ञाने ते उघड केलं, खटले झाले, सीड्या परत घ्याव्या लागल्या. पीसी कोणाचा धोक्यात आला? ओरिजिनल घेणाऱ्याचा. फुकट एमपीथ्री उतरवणारा निवांत. आणि कॉपी थांबते कुठे, एकाने कुलूप तोडून फाइल बाहेर टाकली की बाकीच्यांना तोडायची गरजच नाही.

म्हापशेकर कॅसेटवाला: चोर येतातच म्हणून दाराला कडी घालायची नाही काय?

मांडवीकाठ: घाला, पण इथे घर माझं आणि कडी दुकानदाराच्या हातात. याहूने २००८ मध्ये गाण्यांचं दुकान बंद केलं तेव्हा चाव्या देणारे सर्व्हरही बंद करणार होते, म्हणजे पुढे पीसी बदलला की विकत घेतलेली गाणी गेलीच. लोक ओरडले तेव्हा कुपनं आणि रिफंड. अ‍ॅपलने २००९ मध्ये विकायच्या गाण्यांवरची कुलपं काढली, काही दुकान बुडालं नाही.

फोंड्याचा वकील: दोन गोष्टींची भेसळ होतेय. याहूची गाणी विकलेली होती, सत्तरीकरांची भाड्याची आहेत. भाडं चालू आहे की नाही हे मालक अधूनमधून बघणारच, त्यात चूक काय? आणि ‘तोडतो कुलूप’ म्हणणाऱ्यांसाठी: २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलंय, हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. इराद्याने हा शब्द महत्त्वाचा, पण तो कोर्टात सिद्ध होईपर्यंत तुमची चपला झिजवणी चालूच.

सत्तरीकर: भाडं तर भाडं, पण वर्षाचं आगाऊ भरलंय ना मी! मग मधेच कसली तपासणी? बघायचं तर वर्ष संपल्यावर बघा.

फोंड्याचा वकील: हे मात्र पटलं.

म्हापशेकर कॅसेटवाला: मग कलाकाराचं काय ते सांगा, कुलूप नको म्हणायला काय जातंय.

सत्तरीकर: साधी एमपीथ्री थेट विकावी त्याने, शंभर रुपयांना घेतो मी.

म्हापशेकर कॅसेटवाला: तू घेशील रे. संध्याकाळपर्यंत ती गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर, लिहून घे.