पैसा बाहेर गेला, पण तंत्रज्ञान परत आलं का?

एकांचं म्हणणं असं की भारतीय कंपनीने परदेशात गुंतवलेला प्रत्येक रुपया इथल्या रोजगारातून वजा होतो. मला हा हिशेब पटत नाही. पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनचं उदाहरण घ्या.

1995 साली सुरू झालेल्या या कंपनीने 2006 मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी घेतली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीच्या रीपॉवर या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीचा ताबा मिळवला. हॅन्सनमुळे कोइम्बतूरला पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सचा कारखाना आला. 2011 मध्ये हॅन्सन जर्मनीच्या झेडएफ या कंपनीकडे गेली, तरी कारखाना इथेच राहिला, कामगारांचं कौशल्यही इथेच राहिलं. हरित ऊर्जेसाठी याहून ठोस फायदा कोणता?

रीपॉवरचं मात्र उलट झालं. त्यांच्याकडे समुद्रातल्या 5 मेगावॅटच्या टर्बाइनचं तंत्रज्ञान होतं, पण जर्मन कायद्यानुसार अल्पसंख्य (म्हणजे छोटा हिस्सा असलेले इतर) भागधारक असेपर्यंत ते मोकळेपणाने इकडे आणता येईना. ते भागधारक बाहेर पडेपर्यंत 2011 उजाडलं. तोवर सुझलॉनवर कर्जाचा डोंगर झाला होता. 2012 मध्ये परकीय रोख्यांची (म्हणजे परकीय चलनात घेतलेल्या कर्जाची) परतफेड चुकली, आणि 2015 मध्ये रीपॉवर सुमारे 1 अब्ज युरोला विकावी लागली.

त्यामुळे पैसा बाहेर गेला एवढ्यावर मी निकाल देणार नाही. तो कर्जाचा होता का, आणि तंत्रज्ञान परत आणायचा हक्क करारात होता का, हे मी आधी बघेन.